नवा रंग पहिल्या लढाईत पळतो

आजवर माझ्या हातून एक सबंध फौज कपडे घालून बाहेर पडली आणि त्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं. कोणी फ्रेंच, कोणी इंग्रज. उंची बोटाच्या दीड पेराएवढी, अंग शिशाचं. नेपोलियनच्या काळातले हे शिपाई रंगवायचं काम मी छावणीच्या पुढं, पडेगावच्या रस्त्यावरच्या माझ्या दुकानात बसून केलं. लोक मला ओळखतात ते नंबर प्लेटा, दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागच्या मोरांमुळं. त्यातले मोर कधीच भंगारात गेले. आता दुकान बंद करून घरी बसलोय तर आठवतात ती ही शिशाची माणसं. त्यांच्यावर लिहायला बसलो तशी आमची ही म्हणाली, "इतकी वर्षं झाकून ठेवलं, अन् आता छापून सांगता व्हय, बाहुल्या रंगवत होतो म्हणून?"

सांगतो. त्यात लाजायचं काय?

आम्ही धनगर. वडील मेंढरं घेऊन हिंडायचे. आपलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तर ओळखू यावं म्हणून त्याच्या अंगावर रंगाची खूण करतात. कोणाचा गेरूचा पट्टा, कोणाचा निळा, कोणाचा मानेवर, कोणाचा शेपटीजवळ. लहानपणी हे काम माझ्याकडं होतं. मेंढरू लाथा झाडतं, अंग काढून घेतं, तरी पट्टा जागच्या जागी यायला पाहिजे. पुढं पहिला शिपाई हातात घेतला तेव्हा मला सगळ्यात मोठं सुख वाटलं ते हे, की बाबा रे, हा हलत नाही.

तो शिपाई आणला मेजर पाठकांनी. सैन्यातून निवृत्त होऊन ते तेव्हाच्या औरंगाबादेत, छावणीतल्या एका बंगल्यात राहत. जीपची नंबर प्लेट रंगवायला आले होते. प्लेटच्या खाली कोपऱ्यात मी माझं नाव बारीक अक्षरात टाकतो, ते त्यांनी वाकून वाचलं. मग खिशातून रुमाल काढला, रुमालातून शिपाई काढला आणि माझ्या टेबलावर उभा केला. काळपट, जुना रंग खपल्या धरून निघालेला, बंदूक वाकलेली.

"काय नाव तुझं? भानुदास? भानुदास, ह्याला कपडे घालशील का?"

मी म्हणालो, "साहेब, ह्याला आधी अंघोळ लागंल."

ते एवढे मोठ्यानं हसले की शेजारचे घड्याळवाले रऊफभाई बाहेर आले. त्यांनी शिपाई उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "अरे भानू, इत्तासा आदमी! इसकू रंगाते रंगाते अंधा हो जाएंगा तू." पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच डोळ्याला लावायचं आपलं जुनं भिंग आणून दिलं.

मेजरसाहेब तरुण असताना शिक्षणासाठी विलायतेला गेले होते. तिथं एका जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना शिपायांची पेटीच मिळाली. पुढं तिकडचा एक दोस्त अधूनमधून पुडकी पाठवत राहिला. सगळे जुन्या साच्यातले. आता तसे कोणी ओतत नाही म्हणायचे. आणि हे शिपाई कपाटात मांडून ठेवायला नव्हते. मेजरसाहेब त्यांच्या लढाया खेळत. बंगल्याच्या मागच्या खोलीत टेबल टेनिसचं टेबल होतं, त्यावर हिरवं कापड, कापडाखाली पुस्तकं घालून केलेले डोंगर, निळ्या फितीची नदी. पलटण किती पुढं सरकवायची ते टेपनं मोजायचं, आणि कोण पडलं, कोण टिकलं, ते फाशांवर ठरायचं. एक-एक लढाई महिना महिना चाले.

आता कामाचं सांगतो. जुना रंग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात काढायचा, हाताला लागू न देता. घासून, धुऊन, वाळवून शिपाई सोडावॉटरच्या बाटलीच्या बुचावर लाखेनं चिकटवायचा, म्हणजे धरायला बूच आणि रंगवायला शिपाई. मग प्रायमर. मग गडद रंग आधी, फिका मागून. छातीवरचे पांढरे पट्टे सगळ्यात शेवटी, कारण पांढऱ्यावर चूक झाली तर ती सगळ्या गावाला दिसते. ब्रश खारीच्या केसांचा, आणि श्वास रोखून धरायचा. बटणं काढताना मी बोलायचो नाही. गिऱ्हाईक आलं तर हातानं थांब म्हणायचो. एकदा एक ट्रकवाला मला मुका समजून खुणा करत राहिला. त्याला मोर पाहिजे होता, तर त्यानं चक्क माझ्यासमोर पिसारा फुलवून दाखवला.

खरी गंमत कॉलरची. इंग्रज शिपाई सगळे लाल डगल्यातले, पण प्रत्येक पलटणीच्या कॉलरचा आणि मनगटाजवळच्या पट्टीचा रंग वेगळा. त्यावरून पलटण ओळखायची. मेजरसाहेब त्या बाबतीत लई कडक. पिवळा थोडा इकडंतिकडं झाला की अख्खी पलटण परत. "भानुदास, ह्या रंगासाठी माणसं मेली आहेत. अंदाजपंचे चालायचं नाही." एकदा म्हणाले, ह्या पलटणीला बफ रंग दे. मी विचारलं, बफ म्हणजे कसा? पिवळा नाही, पांढरा नाही, तपकिरी नाही, असं त्यांचं चाललं. मी तीनदा रंगवला, तीनदा परत आला. शेवटी मी गावाकडून मेंढीच्या पोटाखालची लोकर आणून त्यांच्या हातावर ठेवली. "असा का?" त्यांनी लोकर उलटीपालटी केली आणि म्हणाले, "असाच! अगदी असाच." तेव्हापासून त्या रंगाचं नाव मेंढीरंग. इंग्रजांना पत्ता नसेल, पण छावणीत त्यांची एक पलटण मेंढीरंगाची होती.

चुकाही झाल्या. शहराबाहेर तेव्हा कारखाने उभे राहत होते. रोज नवं शेड, नवी पाटी. मला मशिनींवर नंबर टाकायची, धोक्याच्या सूचना लिहायची कामं मिळायला लागली. तिथून गाड्यांना मारायचा उरलासुरला लाल रंग मी डब्यातून घेऊन आलो. काय झळाळी होती! म्हटलं इंग्रजांना हाच मारू. पण त्या रंगाचं थिनर तेज. खालच्या सुकलेल्या रंगानं अंग आकसलं आणि पलटणीच्या पाठीवर म्हाताऱ्यासारख्या सुरकुत्या आल्या. जे वाचले ते असे चमकायचे की मेजरसाहेबांनी चष्मा काढला. "ही फौज आहे की स्कूटरचं शोरूम?" परत सोड्याच्या पाण्यात.

मेजरसाहेबांच्या समोर फ्रेंच फौज घेऊन खेळायचे ते साळवे सर. कॉलेजात गणित शिकवायचे. अंगानं किडकिडीत, आवाज मऊ, आणि फासे टाकायच्या आधी मनातल्या मनात शक्यता मोजणारे. दोघांची ओळख बागेत फिरताना झाली आणि नेपोलियनवर भांडण होऊन पक्की झाली. एकदा मी विचारलं, सर, तुम्ही फ्रेंचच का घेता? म्हणाले, "पेंटर, ह्या फौजेत खानावळवाल्याचा पोरगा सेनापती झाला. इंग्रजांच्या फौजेत हुद्दा विकत मिळायचा. मग मी कुठं उभा राहू, तुम्हीच सांगा." मेजरसाहेब मिशीत हसले. पण नाही म्हणाले नाहीत.

सरांचं अजून एक होतं. त्यांचे शिपाई रंगवून नेले तेव्हा एकेकाचं तोंड भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "सगळेच गोरे गुलाबी? ही फौज आहे का साबणाची जाहिरात? एवढी दुनिया हिंडले, कुणी सावळा नसेल?" मी म्हटलं, सर, सांगा कोण. त्यांनी ढोलवाला निवडला. त्याला मी माझ्या हाताकडं बघून रंग दिला. मेजरसाहेबांनी पुस्तकात शोधलं आणि मान्य केलं, की होय, असे होते. तो ढोलवाला पुढं सरांचा लाडका झाला.

आता ह्या खेळातली एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नवा रंगवलेला शिपाई पहिल्या लढाईत पळतो. का ते विचारू नका. मेजरसाहेब म्हणायचे जगभर खेळणारे हेच सांगतात. ताजी पलटण टेबलावर आणली की फासे उलटे पडतात आणि ती पाठ दाखवते. त्यामुळं नवी पलटण पहिल्या वेळी मागं, झाडीत, जिथं कोणी गोळा टाकणार नाही अशी ठेवायची. साळवे सर गणितवाले. "फाशाला कसला आलाय रंग कळायला?" म्हणायचे. पण स्वतःची नवी पलटण गुपचूप टेकडीमागंच ठेवायचे. मला मात्र ह्या रीतीचा राग यायचा. एवढं भिंग लावून रंगवायचं आणि पोरं पहिल्याच दिवशी पळणार?

मग नामांतराचे दिवस आले. विद्यापीठाला नवं नाव द्यावं की जुनंच ठेवावं, ह्यावरून सगळा मराठवाडा पेटला. हे लिहिताना मी शब्द हलका वापरत नाही. गावोगावी दलितवस्त्यांतली घरं जळाली. माझ्या गावाकडच्या गप्पा ऐकून मला तिकडं जाऊच वाटेना. साळवे सरांच्या घरी गावाहून नातेवाईक आले ते अंगावरच्या कपड्यानिशी. सर मोर्च्यांना जायला लागले. तरी रविवारी संध्याकाळी टेबलाशी यायचे, कदाचित तेवढाच जिवाला विसावा म्हणून.

त्या रविवारी मी मेजरसाहेबांची एक पलटण परत न्यायला गेलो होतो. कॉलरचा हिरवा चुकला होता. लढाई ऐन रंगात होती. सरांच्या तोफा टेकडीवर, मेजरसाहेबांची पायदळाची फळी समोर. बोलता बोलता मेजरसाहेब म्हणाले, "साळवे, तुमच्याविषयी नाही बोलत मी. पण नाव बदलून काय होणार? शहराबाहेर कारखाने निघतायत. पोरांना तिकडं नोकऱ्या मिळू देत. नावात काय आहे एवढं?"

साळवे सरांच्या हातात फासे होते. त्यांनी ते टाकले नाहीत. माझ्या हातातल्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडं बघितलं.

"पेंटर, हे परत का नेताय?"

"कॉलर चुकली, सर."

"किती चुकली?"

काय सांगणार? दीड पेराचा शिपाई, त्याच्या कॉलरचा हिरवा जरा जास्त पिवळट.

सर मेजरसाहेबांना म्हणाले, "मेलेल्या इंग्रजाच्या कॉलरसाठी तुम्ही अख्खी पलटण परत पाठवता. रंगासाठी माणसं मेली, म्हणता. आमची माणसं आत्ता मरतायत, मेजर. ती नावासाठी मरतायत तर तुम्ही विचारता, नावात काय आहे?" आवाज चढला नाही. फासे टेबलाच्या कडेला ठेवले, चप्पल घातली आणि गेले.

मेजरसाहेबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पण माणूस हट्टी. "येईल," म्हणाले. तोफा टेकडीवर, फळी समोर, सगळं जिथल्या तिथं राहू दिलं आणि वरून पांढरी चादर टाकली. सर आले नाहीत. पुढच्या रविवारी नाहीत, दिवाळीत नाहीत.

सत्याग्रहात सरांना अटक झाली, हर्सूलच्या तुरुंगात नेलं. त्या दिवशी मेजरसाहेब दुकानावर आले. काम काही नव्हतं. डबे उघडून रंग बघितले आणि म्हणाले, "भानुदास, साळव्यांचा चष्मा त्यांच्याजवळ आहे का, बघून येशील? संध्याकाळनंतर त्यांना त्याच्याशिवाय दिसत नाही." मी म्हटलं, साहेब, तुम्हीच चला की. तर म्हणाले, "मी कोणत्या तोंडानं जाऊ?" मग मीच सायकल मारत हर्सूलला गेलो. तिथं मुलाखतीला सरांच्या मिसेस आलेल्या होत्या. त्या म्हणाल्या चष्मा आहे. कोणी विचारायला पाठवलंय ते मी सांगितलं, तर त्या नुसत्या बघत राहिल्या. सुटून आल्यावरही सरांनी छावणीची वाट धरली नाही. रस्त्यात भेटले की माझी विचारपूस करायचे, मुलांची, दुकानाची. टेबलाचं नाव काढायचे नाहीत.

आणि इकडं मेजरसाहेबांची फौज वाढत चालली. पुडकी येतच होती, मी रंगवतच होतो. समोर शत्रू नाही, पण इंग्रज आपले वाढतायत! काकू, म्हणजे मेजरसाहेबांच्या मिसेस, वैतागायच्या. "पेंटरभाऊ, खोली अडवून बसलेत हे मेले. पाहुणे आले की मी कुठं झोपवू, नदीत?" एकदा पुडक्यातून फ्रेंच निघाले. मी म्हटलं, साहेब, चुकून आले वाटतं. "चुकून नाही. मागवलेत. नीट रंगव, साळव्यांना निळा फिका चालत नाही." मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी ट्रकच्या मोराला सुद्धा जास्तीची पिसं काढली.

वर्षं गेली. वाळूजला कारखाने आले, वस्ती वाढली, शिफ्टच्या बसगाड्या आमच्या छावणीतून धूळ उडवत जायला लागल्या, माझ्या भिंगाचा नंबर वाढला. आणि मग विद्यापीठाला नाव लागलं. जुन्याला धरून, तडजोडीनं, पण लागलं. मेजरसाहेब मला म्हणाले, "स्कूटर काढ."

विद्यापीठाच्या कमानीशी नुसती गर्दी. निळे झेंडे, गुलाल, रडणारी माणसं, नाचणारी माणसं. मेजरसाहेब तेव्हा काठी घेऊन चालायचे. एका बाजूला उभं राहून त्यांनी नवं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत हळू वाचलं. शेजारी एक म्हातारी पदरानं डोळे पुसत उभी होती. तिच्याकडं खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चल, साळव्यांकडं."

सरांच्या घरीही माणसं भरली होती. सर दाराशी आले, कपाळाला गुलाल. दोघं एकमेकांकडं बघत उभे. मला वाटलं आता मेजरसाहेब काहीतरी बोलतील. कसलं काय! घसा खाकरून म्हणाले, "साळवे, तुमची चाल राहिली आहे."

सर म्हणाले, "तोफा अजून टेकडीवर आहेत?"

"तुम्ही ठेवल्यात तिथंच."

"रविवारी येतो."

त्या रविवारी मीही गेलो. बोलावलं नव्हतं, पण माझीच पोरं होती ती, मी का जाऊ नये? मेजरसाहेबांनी चादर काढली. सर वाकून बघायला लागले. ढोलवाला उभा होता, तोफा उभ्या होत्या. कशावर धुळीचा कण नाही. सर म्हणाले, "काकू, एवढी निगा ठेवलीत तुम्ही?"

"मी कशाला हात लावतेय बाई! हेच झटकतात दर आठवड्याला, दाढीच्या ब्रशनं. एकेक उचलायचा, झटकायचा, परत तिथंच. आधी तुमचे, मग आपले."

मेजरसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. सरांनी चष्मा काढून पुसला.

मग मेजरसाहेबांनी कपाटातून खोकं आणलं. त्यात मी नुकतीच संपवलेली मेंढीरंगाची नवी पलटण. डोळे शाबूत होते तोवरचं माझं सगळ्यात चांगलं काम. वाटलं, झाडीत ठेवतील. त्यांनी ती एकेक करून सरांच्या तोफांच्या ऐन तोंडासमोर मांडली. उघड्यावर. मला घामच फुटला.

सर म्हणाले, "मेजर, नवा रंग आहे."

"माहीत आहे."

"पळेल."

"माहीत आहे, साळवे. टाका फासे."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ह्या माणसाला माफी मागता येत नव्हती. सगळी उमर हुकूम देण्यात गेलेली. म्हणून आपली ताजी पलटण पळायला उभी केली होती, की फळी मोडावी आणि साळव्यांनी लढाई घ्यावी. सरांनाही कळलं. बराच वेळ त्यांनी फासे हातात धरून ठेवले, मग टाकले. तोफांनी पुढची रांग झोपवली. आता पलटण टिकते का पळते, हे मेजरसाहेबांच्या फाशांवर. त्यांनी फासे हलवलेही नाहीत नीट, नुसते सोडून दिले.

दोन्ही सहा.

पलटण टिकली. सरांनी परत गोळे टाकले, मेजरसाहेबांनी परत फासे सोडले. परत टिकली. मेजरसाहेबांचं तोंड असं झालं, जसं घरात चोरी झालीय. आणि साळवे सर हसायला लागले. आधी हळू, मग टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो मेजर! जन्मात एकदा तुम्हाला हरायचं होतं, तेही धड जमेना?"

"दोष ह्याचा आहे," माझ्याकडं काठी दाखवून मेजरसाहेब म्हणाले. "रंग जास्त पक्का मारलाय." आणि मग त्यांना पण हसू आवरेना. हसता हसता थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "साळवे, त्या दिवशी मी चुकलो. नावात फार असतं."

सरांनी मान हलवली. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्यांना हातानं थांबवलं. मेंढीरंगाची उरलेली पोरं उचलली आणि मागं झाडीत नेऊन ठेवली, रीतीप्रमाणं.

"चहा नंतर, काकू. मेजर, ही तुमची पलटण तिथंच राहू द्या आणि नीट खेळा. दिलेलं नको मला. आम्हाला लढून घ्यायची सवय आहे."

मेजरसाहेबांनी पाठ ताठ केली, काठी भिंतीला टेकवली आणि टेप हातात घेतला.

लढाई दिवे लागेपर्यंत चालली आणि साळवे सरांनी ती मेजरसाहेबांच्या नाकावर टिच्चून जिंकली. इंग्रजांची सगळी फळी मोडली. फक्त माझी मेंढीरंगाची पलटण तेवढी शेवटपर्यंत हलली नाही.